एकटीने कॅम्परव्हॅन घेऊन हिमाचलच्या किन्नौर-स्पितीत फिरता येईल का? रात्री गाडी लावायची कुठे?

तुम्ही लिहिलंय की वय पंचेचाळीस, गाडी मारुतीची ईको, मागे फळी टाकून झोपायची सोय केलीय, सोबत कुणी नाही. फिरता येईल का, याचं उत्तर एका शब्दात: येईल. मी नाशिकहून अशाच गाडीतून, एकटीच जाऊन आले आहे. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. डोंगरात व्हॅन चालवणं आपल्याकडे घाटात गाडी चालवलेल्या माणसाला जमतं. रोज संध्याकाळी ती कुठे आणि कधी थांबवायची, यावर सगळी सहल ठरते.

आधी उंचीचं बघा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा डॉक्टरांचा साधा नियम. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. म्हणून शिमल्यानंतर नारकंडा (२,७०० मीटर), मग कल्पा (२,९६० च्या आसपास) आणि कल्प्यात दोन रात्री. समोर किन्नर कैलास शिखर आहे, वेळ वाया जात नाही. तिथून बरेच जण नाकोला मुक्काम करतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात, कारण नाको ३,६०० मीटरवर आहे. नाकोचा तलाव दुपारी बघा, चहा प्या आणि झोपायला ताबोला उतरा. ताबो ३,२८० वर, गाव सपाटीवर, भोवती सफरचंदाच्या बागा आणि ९९६ सालचा मठ. त्यानंतर स्पितीचं मुख्य गाव काझा. लांग्झा, हिक्किम ही गावं ४,४०० मीटरच्या आसपास आहेत, ती काझाहून दिवसा करून परत यायची. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथल्या कुणाच्या उत्तरावर घेऊ नका, माझ्याही नाही.

आता जागा. फोटोत दिसतं तसं दरीच्या कडेला, नदीकाठी, एकटं झाड बघून गाडी लावणं विसरा. किन्नौरमध्ये दरड ही पावसाळ्यापुरती गोष्ट नाही, कोरड्या उन्हातही वरून दगड सुटतात. २०२१ च्या जुलैत बटसेरीला असेच दगड येऊन पर्यटकांची गाडी चिरडली, आणि ऑगस्टमध्ये निगुलसरीला दरडीखाली एसटीसारखी सरकारी बस आणि इतर गाड्या गाडल्या गेल्या. २८ माणसं गेली. त्यामुळे गाडी लावण्याआधी वर बघायचं. रस्त्यावर ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर तिथे लघवीलाही थांबू नका. खाली नदीपात्रातही नको. सतलजवर नाथपा-झाकरी, करछम-वांगतू असे मोठे वीजप्रकल्प आहेत, पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. तसे फलक जागोजागी आहेत आणि ते शोभेसाठी लावलेले नाहीत.

मग लावायची कुठे? कुणाच्या तरी अंगणात. दुपारी चारपर्यंत गावात पोचायचं, होमस्टेची पाटी असलेलं घर बघायचं आणि सरळ विचारायचं, ‘दीदी, रात को गाड़ी यहाँ लगा लूँ? खाना आपके यहाँ ही खाऊँगी.’ जेवणाचे आणि जागेचे पैसे आधीच ठरवायचे, घासाघीस करायची नाही. मला यात कधी अडचण आली नाही. संडास मिळतो, सकाळी गरम पाणी मिळतं, आणि एकटी बाई म्हणून जी भीती घरच्यांना वाटते (आपल्यालाही वाटते, खोटं कशाला बोला) ती नव्वद टक्के तिथेच संपते. चुलीजवळ बसून मटाराचा भाव काय मिळाला, मुलगा चंदीगडला काय शिकतो, हे ऐकायला मिळतं ते वेगळंच. व्हॅन असून लोकांच्या दारात जायचं तर व्हॅन कशाला, असं कुणी विचारेल. व्हॅन यासाठी की खोली भरलेली असली तरी आपलं अंथरूण आपल्याजवळ असतं आणि अमुक गावी पोचलंच पाहिजे अशी घाई उरत नाही.

अंगणात राहिलात तरी पाणी जपून. स्पितीत पाऊस जवळजवळ पडत नाही. महाबळेश्वरच्या मागे माण-खटाव जसे कोरडे, तसंच, फक्त डोंगर हिमालयाचा. बर्फ वितळून जे येतं ते छोट्या पाटांनी शेतात जातं, त्याला तिथे कूल म्हणतात, आणि त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. त्या पाटात भांडी विसळू नका, साबण तर नाहीच. जुन्या घरांत कोरडे संडास असतात, त्यात पाणी ओतायचं नसतं, माती किंवा राख टाकायची.

गाडीतली रात्र. सप्टेंबरअखेर काझाला पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. काहीही झालं तरी बंद गाडीत शेगडी, कोळसा, गॅस पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दोन रजया, गरम पाण्याची पिशवी, कानटोपी पुरते. खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते. स्वयंपाकाला छोटा प्रेशर कुकर न्या. काझाच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूर डाळ शिजायची वाट बघत बसाल. वाटलं तर मूग डाळ-तांदूळ आणि मेतकूट एवढ्यावर भागवा.

फळी सुटीच ठेवा. नोंदणीत आहे त्यापेक्षा गाडीची रचना कायमची बदलली तर आरटीओची मंजुरी लागते, आणि ती नसेल तर विम्याच्या वेळी नसता वाद. गाडी चंदीगडहून भाड्याने घेणार असाल तर पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेऊ नका, ते बेकायदा आहे. ईकोबद्दल एकच: टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का कमी होते. काझाच्या वरच्या चढांना पहिला-दुसरा गियर धरून जायची तयारी ठेवा, सामान कमी न्या. उतारावर गियरमध्ये उतरा हे तुम्हाला सांगायला नको. रेकाँग पिओ (किन्नौरचं जिल्ह्याचं गाव, कल्प्याच्या खाली) इथे टाकी पूर्ण भरा, पुढचा भरवशाचा पंप काझालाच. रस्त्याची खबर ॲपवर नाही, पिओ-काझा बसच्या ड्रायव्हरकडे मिळते. तो ‘जाओ’ म्हणाला की जा, ‘कल देखना’ म्हणाला की तिथेच थांबा.

महिना सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडा. पाऊस ओसरलेला, नाले उतरलेले. फक्त किन्नौरात सफरचंदाचा हंगाम असतो, अरुंद रस्त्यावर पेट्या भरलेल्या पिकअप समोरून येतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

राहिला प्रश्न काझाच्या पुढे कुंझुम खिंडीवरून मनालीला उतरायचा. सगळे म्हणतील गोल पूर्ण कर. मी म्हणेन ईको घेऊन नको. खिंड ४,५०० मीटरच्या वर, आणि तिच्या पलीकडे बातलपासून ग्रांफूपर्यंत बराचसा रस्ता म्हणजे गोटे आणि त्यातून वाहणारे नाले. ईकोचं पोट खाली आहे, एखाद्या दगडावर बसली तर मदत तासांनी येते. खिंडीपलीकडचा चंद्रताल तलाव बघायचाच असेल तर गाडी काझाला होमस्टेत ठेवा, तिथून शेअर जीप करा. तलावाच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, मुक्कामाचे तंबू दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात. परत येऊन आपली गाडी घ्या आणि आला त्याच रस्त्याने किन्नौरमार्गे उतरा. जाताना वेळ मिळाला नसेल तर सांगला खोरं तेव्हा करता येईल.