आलेली घात साधावी

‘आलेली घात साधावी’ या म्हणण्यातली घात म्हणजे दगाफटका का, असा प्रश्न आलाय. नाही हो! आधी लिंग बघा की. दगा देतो तो घात, पेरणीची ती घात. ‘घात झाला’ म्हणजे बुडालो, ‘घात आली’ म्हणजे पेरायची कुरी जुंपा. पावसाच्या बातम्यांत ‘पेरणीचा घात आला’ ऐकलं की टीव्ही बंद करावासा वाटतो. जमीन पेरण्याजोगी झाली की हयगय नको, एवढाच अर्थ. मग पाऊस लागला तर चिखल, ऊन लांबलं तर ढेकळं.

दोन्हींचं मूळ मात्र एकच असावं, संस्कृत ‘हन्’. हिंदीतली ‘घात’सुद्धा स्त्रीलिंगीच. ‘घात लगाना’ म्हणजे दबा धरून बसणं. शिकारी टपून बसतो ती वेळ आणि कुणबी आभाळाकडं बघत बसतो ती वेळ, फरक कितीसा?

पण खरी मजा घातीच्या सख्ख्या भावात आहे, वाफशात, म्हणजे जमिनीच्या पेरण्याजोग्या ओलीत. मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर भुगा झाला, तर वाफसा. बोटाला चिकटली तर गप घरी जायचं. हा शब्द ‘वाफ’वरून, जमिनीतून वाफा निघतात म्हणून, असं विद्वान बिनदिक्कत सांगतात. त्यांनी मे महिन्याच्या अखेरीला राधानगरी, भुदरगडाकडं यावं. तिथं रोहिणीत, मृगाच्या आधी, कोरड्या फुफाट्यात भात पेरतात. त्याला म्हणतात धूळवाफ. ओलीचा पत्ता नाही, मग वाफ कुठली? माझ्या मते ही ‘वाफ’ संस्कृत ‘वप्’ म्हणजे पेरणे, त्या घरातली. हरकत ठाऊक आहे: संस्कृतातला मधला ‘प’ मराठीत टिकत नाही, ‘दीप’चा ‘दिवा’ होतो. मग भाजीचा वाफा कुठून आला? ‘वप्र’ म्हणजे बांध, शेत. तिथं जोडाक्षर होतं म्हणून ओठावरचा वर्ण टिकला. धूळवाफ त्याच वाफ्याची लेक, आणि वाफसाही त्याच गोतावळ्यातला. कोशात बाष्प धरून बसलेल्यांनी एकदा धुळीत उतरून बघावं.

आणि हो, वर कुरी लिहिलंय त्याची तीन फणांची ‘तिफण’ करून सुधारू नका. कुरी ही कन्नड ‘कूरिगे’. चार फणांच्या अवजाराला तिफण म्हणायचं तर आधी फण तरी मोजा.