दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातल्या एखाद्या छोट्या देशाचा राष्ट्राध्यक्ष पेशाने डॉक्टर होता का?

हो. लिथुआनियाचे काझिस ग्रिनियस. खरं तर त्यांच्याविषयी आपल्याकडे जास्त लिहिलं जायला हवं.

१८९३ मध्ये ते मॉस्कोतून डॉक्टर झाले आणि पुढे लिथुआनियात परतले. त्या काळी झारच्या राजवटीत लिथुआनियन भाषेत लॅटिन लिपीत छापायलाच बंदी होती. १९०४ पर्यंत ती टिकली. ग्रिनियस दिवसा रुग्ण तपासत आणि बंदी घातलेल्या लिथुआनियन नियतकालिकांसाठी लिहीत. १९१८ मध्ये रशियात त्यांची पत्नी आणि लहान मुलगी मारली गेली. एवढं सोसून हा माणूस नव्या देशाच्या उभारणीला लागला. १९२० ते १९२२ ते पंतप्रधान होते आणि जून १९२६ मध्ये संसदेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं.

जेमतेम सहा महिने. १७ डिसेंबर १९२६, त्यांचा साठावा वाढदिवस. त्या दिवशी उजाडण्याआधीच लष्करी अधिकाऱ्यांनी तेव्हाची राजधानी कौनासमधल्या संसदेत घुसून सदस्यांना हुसकावलं. दोनच दिवसांत राष्ट्रवादी नेते अंतानास स्मेतोना सत्तेवर आले.

पद गेल्यावर ते पुन्हा आरोग्याच्या कामाकडे वळले. माझ्या मते मात्र त्यांचं मोठेपण १९४२ मध्ये, देश नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना दिसलं. पंचाहत्तरी गाठलेल्या ग्रिनियस यांनी दोन माजी मंत्र्यांसोबत जर्मन अधिकाऱ्यांना निषेधाचं पत्र दिलं; ज्यूंवरच्या अत्याचारांचाही त्यात निषेध होता. कौनासच्या घेटोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, निसटलेल्या एका ज्यू तरुणाला त्यांनी घरात लपवलंही होतं. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९५० मध्ये शिकागोत वारले.