गर्भपाताच्या गोळ्यांवर महाराष्ट्रात बंदी आहे का? डॉक्टरांची चिठ्ठी असूनही मेडिकलमध्ये का मिळत नाहीत?

बंदी नाही. तुम्ही लिहिलंय की तीन मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी बघून "या गोळ्या बंद झाल्या" असं सांगितलं, म्हणून हे आधी लिहिलं. त्या तिघांत मीही असू शकले असते. तालुक्याच्या गावात आमचं दुकान आहे, मी फार्मासिस्ट आहे आणि बरीच वर्षं मीही हेच उत्तर देत होते. "ठेवत नाही" म्हटलं की गिऱ्हाईक "का?" विचारतं. "बंद झाल्या" म्हटलं की मान खाली घालून निघून जातं.

तुमचा दुसरा प्रश्न असा की अमेरिकेत या गोळ्या पोस्टाने घरी येतात म्हणे, मग आपलं सरकार नेमकं कशाच्या आधारावर धोरण ठरवतं. त्यावर जरा सविस्तर लिहावं लागेल.

आपला गर्भपाताचा कायदा १९७१ चा. ज्या समितीच्या अहवालावरून तो आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून पोट पाडताना बायका मरतात, हे त्या समितीने सरळ मांडलं आणि कायदा झाला. गोळ्या तेव्हा नव्हत्याच. मिफेप्रिस्टोन या आधी घ्यायच्या गोळीला आपल्याकडे मान्यता मिळाली २००२ मध्ये, आणि २००३ च्या नियमांत सात आठवड्यांपर्यंत डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातून ती लिहून द्यायची मुभा आली. पुढे डिसेंबर २००८ मध्ये एकाच डबीतल्या किटला ६३ दिवसांपर्यंतच्या वापरासाठी मान्यता मिळाली. त्यात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम थांबवते, दुसऱ्या चार एक-दोन दिवसांनी पिशवी आकुंचन पाववतात. नऊ आठवड्यांच्या आत नीट घेतल्या तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणींना पिशवी साफ करून घ्यावी लागत नाही.

आता हिशेब बघा. औषधाची मान्यता ६३ दिवसांची, नियम मात्र सात आठवड्यांचा, म्हणजे ४९ दिवसांचा. एकाच देशाच्या दोन कागदांत चौदा दिवसांचा फरक, आणि तो मिटायला २०२१ साल उजाडलं. आठव्या आठवड्याची चिठ्ठी आली की औषध बरोबर आणि डॉक्टर मात्र नियमाबाहेर. त्या तेरा वर्षांत शरीरशास्त्र काही बदललं नव्हतं. २०२१ च्या दुरुस्तीने इतरही गोष्टी सुधारल्या. "विवाहित स्त्री आणि तिचा पती" याऐवजी "स्त्री आणि तिचा जोडीदार" आलं, आणि रुग्णाची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते असं कलम आलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की २० ते २४ आठवड्यांतल्या गर्भपाताच्या तरतुदीत अविवाहित आणि विवाहित असा भेद करता येणार नाही.

मग गोळ्या गेल्या कुठे? त्याचं उत्तर दुसऱ्या कायद्यात आहे, गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ९१३ होता. बीड जिल्ह्यात ८०७. आकडा भयानकच होता. त्यात २०१२ मध्ये परळीच्या दवाखान्यातलं मुलींचे गर्भ पाडण्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि राज्यभर मोहीम सुरू झाली. सोनोग्राफी सेंटरं तपासली, ते योग्यच होतं. पण त्याच झपाट्यात मेडिकलांच्या फळ्यांवरचे किटही तपासायला घेतले. किती आले, कुणाला विकले, चिठ्ठी कुठाय, डॉक्टर कोण. चिठ्ठीशिवाय विकणारे होते हे मी नाकारत नाही, आमच्याच धंद्यातले होते. पण ज्याच्याकडे सगळी बिलं चोख होती तोही घाबरला. महिन्याला चार किट विकून मिळतात किती आणि त्यासाठी लायसन्स धोक्यात का घालायचं? आम्ही स्टॉक परत केला. ठेवू नका असं लेखी कुणीही सांगितलं नव्हतं. कागदावर काहीच नाही आणि औषध मात्र बाजारातून गायब, म्हणून ही गोष्ट कुठे दाद मागायलाही सोपी नाही.

यातली शास्त्राची चूक अगदी साधी आहे आणि ती कुणीही बोटांवर मोजू शकेल. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. सोनोग्राफीत लिंग खात्रीने दिसायला बारा-तेरा आठवडे तरी उलटावे लागतात. आईच्या रक्तावरून करायची नवी तपासणी आहे, तीही साधारण दहाव्या आठवड्यापासून पुढेच करतात. म्हणजे ज्या काळात ही गोळी कायद्याने घेता येते, त्या काळात मुलगा की मुलगी हे कळलेलंच नसतं. मुलगी नको म्हणून पाडणाऱ्याला नऊ आठवड्यांचं किट कामाचं नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात याच गोळ्या बेकायदा देणारे लोक आहेत, हे खरं आहे. पण तिथे गुन्ह्याची सुरुवात सोनोग्राफीच्या खोलीत झालेली असते आणि तो पकडायचाही तिथेच. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला होता. चोरून गर्भपाताचा धोका आणि लिंगनिवड, या दोन्ही गोष्टी ज्या राज्याला इतक्या आधी कळल्या, त्यानेच त्यांची सरमिसळ करावी, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आणि गोळ्या दुकानांतून गायब झाल्याने गर्भपात कमी झाले का? २०१५ सालच्या गर्भपातांचा एक मोठा अभ्यास आहे, त्यात आपल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्थाही होती. त्या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात, आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे बायका गोळ्या घेतच आहेत, फक्त चिठ्ठीवाल्या दुकानातून नाही. कुठल्या तरी ओळखीच्या माणसाकडून, सुट्या, पत्रकाशिवाय, कधी पाचाऐवजी दोनच. माझ्याकडे एक बाई अर्धी फाडलेली पट्टी घेऊन आली होती, "यातली कुठली आधी घ्यायची" विचारायला. मी स्टॉक ठेवत नव्हते, पण मिसोप्रोस्टॉल ओळखते ना. तिच्याकडे पहिली गोळी नव्हतीच. मी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

गंमत म्हणजे हीच मिसोप्रोस्टॉल बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही वापरतात. घरी बाळंत होणाऱ्या बाईसाठी ती आशाताईंच्या हाती देण्याच्या सूचना आपल्याच केंद्र सरकारच्या आहेत. तिथे गोळी जीव वाचवणारी, काउंटरवर आली की संशयित.

अमेरिकेचं म्हणाल तर तिकडेही चित्र अर्धंच चांगलं आहे. २००० मध्ये मान्यता मिळाली तेव्हा सात आठवड्यांची मर्यादा, ६०० मिलिग्रॅमचा डोस आणि डॉक्टरांकडे तीन खेपा. वापराचा अनुभव साठत गेला तशी २०१६ मध्ये मर्यादा दहा आठवडे झाली आणि डोस २०० वर आला. कोविडमध्ये प्रत्यक्ष जाण्याची अट स्थगित झाली, डिसेंबर २०२१ मध्ये ती काढायचा निर्णय झाला आणि पोस्टाने गोळ्या पाठवायला वाट मिळाली. २०२४ मध्ये या सवलतींविरुद्धचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला, पण कारण एवढंच की दावा करणाऱ्यांना तो करायचा अधिकार नव्हता. आणि गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर कितीतरी राज्यांत गर्भपातावरच बंदी आहे. औषध तेच, पुरावा तोच, राज्याची सीमा ओलांडली की उत्तर वेगळं.

पुराव्यावर धोरण कसं ठरतं हे बघायचं तर मी ब्रिटनकडे बोट दाखवीन. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा तिथे फोनवर तपासून गोळ्या घरी पाठवायची तात्पुरती परवानगी दिली. मग ५२ हजारांहून जास्त केसेस तपासल्या, आधीच्या आणि नंतरच्या. गोळ्यांचा गुण तसाच राहिला, गुंतागुंत वाढली नाही, थांबावं लागायचे ते दिवस सरासरी चारांनी कमी झाले आणि बायका लवकरच्या आठवड्यांत मोकळ्या होऊ लागल्या. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये ती परवानगी कायम झाली. आधी मोजलं, मग ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये या दोन गोळ्या आवश्यक औषधांच्या मुख्य यादीत हलवल्या, आधी त्यांना "विशेष देखरेख हवी" असा शेरा होता. आपल्या किटच्या डबीवर अजूनही मान्यताप्राप्त ठिकाणी, देखरेखीखालीच वापरा असा इशारा आहे, आणि नियम मात्र पात्र डॉक्टरांना साध्या दवाखान्यातून लिहून द्यायची मुभा देतो. कुणाचं ऐकायचं, हे काउंटरवरच्या माणसाने ठरवायचं!

मी देखरेखच नको म्हणत नाहीये. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या काम करत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून आठवडे नीट मोजणारा, पोटात एका बाजूला दुखतंय का हे विचारणारा डॉक्टर हवाच. ताशी दोन पॅड भिजतील इतकं अंगावरून जात असेल आणि दोन तास थांबत नसेल तर रात्र असो वा दिवस, दवाखाना गाठायचा. हे सांगायला तज्ज्ञाची खोली लागत नाही, पण सांगणारं माणूस लागतं. आणि दुकानातून "बंद झाल्या" ऐकून गेलेल्या बाईला ते कोण सांगणार?

आता तुमच्यापुरतं. चौथं मेडिकल शोधू नका. ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांनाच विचारा की किट तुमच्याकडूनच मिळेल का. डॉक्टर आपल्या रुग्णाला औषध स्वतः देऊ शकतात आणि आमच्या भागात ज्यांच्याकडे ही सोय आहे ते तसंच करतात. त्यांच्याकडे नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात जा. सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही. कुणी मागितली तर कायद्यात ती नाही एवढंच शांतपणे सांगा.

आणि आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. चुकली तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. तुमचे तीन दुकानांत गेलेले दिवसही त्यातच धरा आणि उद्या सकाळच्या ओपीडीला पोहोचा.