वाचकांचे प्रश्न : लग्नाच्या जुन्या डीव्हीडींसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा?

प्रश्न : सोलापुरात आमचे लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे छोटे दुकान आहे. गेल्या वीसएक वर्षांतील सुमारे ३०० डीव्हीडी आम्ही जपून ठेवल्या आहेत. हल्ली गिऱ्हाइके त्याच चित्रीकरणाची मोबाइलवर चालणारी फाइल मागतात, तर काहींना डिस्कची दुसरी प्रत हवी असते. आमच्या जुन्या ड्युअल कोअर (प्रोसेसरमध्ये दोनच गणना-विभाग असलेल्या) संगणकावर एका डिस्कच्या रूपांतरात अर्धा दिवस जातो. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून २०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. परंतु ‘इंटेलच्या आय-७ प्रोसेसरशिवाय हे काम होणार नाही’, असे एका विक्रेत्याने सांगितले. ते खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, आपल्या कामासाठी आय-७ ची मुळीच गरज नाही. आपण विचारलेली दोन कामे संगणकाच्या दृष्टीने अगदी वेगळी आहेत आणि त्यांतील एकाचा प्रोसेसरशी जवळजवळ संबंधच नाही.

डिस्कची प्रत काढताना प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामाच बसलेला असतो, कारण सगळी गती डीव्हीडी ड्राइव्हच्या हाती असते. ४.७ जीबीची डिस्क ८ एक्स वेगाने वाचायला किंवा लिहायला सात-आठ मिनिटे लागतात आणि महागातला महाग प्रोसेसर बसवला तरी त्यात फरक पडत नाही. प्रती पुष्कळ काढायच्या असतील, तर दोन चांगले ड्राइव्ह घ्यावेत आणि ते जोडण्यापुरती साटा पोर्ट (ड्राइव्हची केबल लावायच्या जागा) मदरबोर्डवर आहेत ना, एवढे पाहावे.

रूपांतराचे काम मात्र खरोखर प्रोसेसरचे आहे. डीव्हीडीवरील चित्र एमपीईजी-२ या जुन्या आकुंचन पद्धतीचे, ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. ते उलगडून मोबाइलवर चालणाऱ्या एच.२६४ या नव्या पद्धतीत पुन्हा बांधताना प्रत्येक चौकटीतील प्रत्येक तुकडा आधीच्या चौकटीत कुठे होता, याचा शोध घ्यावा लागतो. वधू-वर स्थिर उभे असतील, तर हा शोध चटकन लागतो. परंतु मंगलाष्टके संपून अक्षता पडू लागल्या, की प्रत्येक दाणा आपल्या दिशेने जातो, मागच्या चौकटीशी काहीच जुळत नाही आणि कमी बिटरेटच्या (दर सेकंदाला कमी माहिती साठवणाऱ्या) फाइलमध्ये नेमक्या त्याच क्षणी नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळा आपण चित्रित केला असेल, तर तिथेही हेच दिसेल. म्हणून रूपांतर कसे झाले हे तपासताना सुरुवातीची नावे पाहून समाधान मानू नये. थेट अक्षतांच्या प्रसंगावर जावे.

या कामासाठी सहा कोअर आणि बारा थ्रेडचा (एकाच वेळी बारा कामे हाताळणारा) प्रोसेसर पुरेसा आहे. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी, या दोहोंपैकी खरेदीच्या दिवशी मदरबोर्डसह जो स्वस्त पडेल तो घ्यावा. दोन्हींमध्ये ग्राफिक्स अंतर्भूत असल्याने वेगळे कार्ड लागत नाही. हात आखडता घ्यावा लागला, तर चार कोअरचा आय-३ १२१०० सुद्धा आपल्या आजच्या संगणकापेक्षा कितीतरी पुढे आहे. याहून मोठ्या प्रोसेसरवर पैसे घालू नयेत. डीव्हीडीचे चित्र इतके लहान असते, की एकच रूपांतर चालू असताना जास्तीच्या कोअरना पुरेसे कामच मिळत नाही. सहा कोअरवरही हॅण्डब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामवर दोन डिस्कची कामे एकाच वेळी लावली, तर वेळ अधिक वाचतो.

बिल करण्यापूर्वी मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षर मात्र अवश्य वाचावे. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसते आणि त्यासोबत इंटेलची क्विक सिंक ही झटपट रूपांतराची सोयही जाते. ही सोय घाईच्या कामाला फार उपयोगी पडते. तथापि त्याच आकाराच्या फाइलमध्ये तिचे चित्र सॉफ्टवेअरने केलेल्या रूपांतरापेक्षा थोडे उणे असते. कायम जपायची फाइल हॅण्डब्रेकमधील एक्स२६४ या सॉफ्टवेअर पर्यायाने, आरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा; लहान आकडा म्हणजे चांगला दर्जा) १८ ते २२ च्या दरम्यान ठेवूनच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याचबरोबर डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत साठवलेले चित्र सलग करणारी सोय) चालू ठेवावे, नाहीतर हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात.

रूपांतर चालू असताना प्रोसेसर तासन् तास पूर्ण भाराने चालतो आणि एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. प्रोसेसरसोबत येणारा पंखा पुरतो. कॅबिनेटमागे गरम हवा बाहेर टाकणारा एक पंखा मात्र असावा. आपले दुकान पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी असेल, तर हवेतला सुताचा बारीक धुरळा पंख्याखालच्या हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर धरतो. तो दर महिन्याला ब्रशने काढावा, अन्यथा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. बॅटरीवरचा यूपीएसही हवाच, कारण वीज गेली की अर्धवट झालेले रूपांतर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

एक काम मात्र नव्या प्रोसेसरची वाट न पाहता आजच सुरू करावे. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्य वर्षांगणिक खराब होते आणि आज अडखळत का होईना वाचली जाणारी डिस्क पुढच्या वर्षी वाचली जाईलच असे नाही. ३०० डिस्कना फार तर दीड टीबी जागा लागेल; तेव्हा २ टीबीची एक हार्ड डिस्क आणून, आहे त्याच जुन्या संगणकावर प्रत्येक डिस्कची आयएसओ प्रतिमा (पूर्ण डिस्कची जशीच्या तशी एक फाइल) उतरवून घ्यावी आणि सुरुवात सर्वांत जुन्या लग्नांपासून करावी.