मधुमेहाचा नवा उपक्रम प्राथमिक दवाखान्यात राबवता येईल का, हे छोट्या चाचणीत कसं तपासायचं?

साखर किती उतरली हे इथे शोधू नका. ३० रुग्णांत तो आकडा फसवतो. मोजायचं ते असं: पात्र रुग्णांपैकी किती तयार झाले, किती टिकले, किती नोंदी पूर्ण आहेत. पुढे जायचं की थांबायचं याच्या मर्यादा आधीच लिहून ठेवा, नंतर ठरवल्या की पळवाट सापडतेच. ३० पैकी २१ टिकले तर ७० टक्के दिसतात, पण खरं प्रमाण साधारण ५२ ते ८३ टक्क्यांत कुठेही असू शकतं. एचबीए१सी ही रक्तचाचणी मागच्या २-३ महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, म्हणून तिची पुढची नोंद मिळते का हे पाहायला पाठपुरावा किमान ३ महिने. रक्त द्यायचा आणि डॉक्टरांना भेटायचा दिवस वेगळा ठेवलात, की रिपोर्टचे रकाने रिकामे राहिलेच म्हणून समजा. नर्सचा वेळही घड्याळ लावून मोजा, अंदाजाने नको.