नॅनोमीटरच्या आकड्याला भुलू नकोस

वेर्ण्याला चिप टेस्टिंगमध्ये लागलास, आनंद झाला. आता एक कर. ‘३ नॅनोमीटर’ ही लांबी-रुंदी समजू नकोस, ते चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचं नाव आहे. त्या चिपमध्येही एका गेटापासून (गेट म्हणजे वीज सोडणारा-अडवणारा बारीक भाग) पुढच्या गेटापर्यंतचं अंतर ४० नॅनोमीटरच्या वर असतं.

३ नॅनोमीटरचं उत्पादन सॅमसंगने जून २०२२ मध्ये जाहीर केलं, टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीने डिसेंबरात. तरी मोठी गिऱ्हाइकं टीएसएमसीकडेच गेली. माझ्या मते खरी शर्यत यील्डची, म्हणजे एका वेफरमधून (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिपा बनवतात तिच्यातून) चांगल्या चिपा किती निघतात याची. चिपवर प्रकाशाने बारीक नक्षी उमटवणारी ईयूव्ही यंत्रं तर दोघंही एएसएमएल या डच कंपनीकडूनच घेतात.

रविवारी फोंड्याला घरी ये. माझ्याकडे जुना वेफर आहे, नापास चिपांवर शाईचे ठिपके असलेला. कडेला किती आहेत आणि मध्ये किती, ते मोजून मला सांग.