दूध दाटलं तर गाठ चोळू नकोस

अगं, गाठ लागली म्हणून पाजणं थांबवू नकोस. त्या बाजूचं दूध बाळाला बाधत नाही. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, जळगावला, ऐन मे महिन्यात. केळीची पानं करपतील असं ऊन. डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली. मालिशवाल्या मावशींनी तेल लावून ती दाबून दाबून चोळली, आणि संध्याकाळपर्यंत छाती लाल, टणक! (बाकी अंगाला मावशींचा हात सोन्यासारखा, पण इथे नको.) आत दुधाचा खडा नसतो, नळ्यांभोवती सूज येऊन वाट अरुंद होते. चोळलं की सूज वाढते. त्यापेक्षा पाजून झालं की माठाच्या गार पाण्यातला पंचा पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेव. पंप लावून रिकामं करत बसू नकोस, दूध आणखी वाढतं. बाळ मागेल तसं पाज. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. घट्ट ब्लाउज नको. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. थंडी वाजून ताप आला किंवा 24 तासांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा. आजेसासूबाई 'दिवेलागणीला बाळंतीण उंबरा ओलांडत नाही' म्हणाल्या तरी.